दर्यात गेलेल्या माणसाच्या नावाचा दगड कोल्हापुरात असावा का?

रंकाळाकाठ
गेल्या महिन्यात कामानं मुंबईला गेलतो, फोर्टात दोन तास मोकळे मिळाले म्हणून सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये शिरलो. 1718 चं चर्च. आत भिंतीभर माणसांची नावं, संगमरवरात कोरलेली, आणि त्यात दर्यावर गेलेले बरेच. कॅप्टन जॉर्ज हार्डिंगचं मोठं स्मारक आहे, 1808 साली फ्रेंच जहाजाशी लढताना गेला, तिशीसुद्धा गाठली नव्हती. मी त्या दगडावर हात ठेवून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

कारण असं की माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत होता. तीन वर्षांपूर्वी रात्रीच्या ड्युटीत जहाजावरून पडला, बॉडी मिळाली नाही. आम्ही पंचगंगा घाटावर पालाशविधी केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शरीर नसलं की 360 पळसाची पानं आणि दर्भ घेऊन माणसाची आकृती करतात आणि तिला अग्नी देतात. गुरुजी पानं मोजून लावत होते, इतकी डोक्याला, इतकी छातीला, आणि मामी शेजारी बसून बघत होती. मधेच म्हणाली, "ह्याला त्याचा शर्ट तरी घाला रे." कुणाला काय बोलावं सुचेना. आकृती पाच मिनिटांत जळाली. त्यानंतर आजपर्यंत मामीला जाऊन बसायला एक जागा नाही.

म्हणून माझं सरळ मत, चर्चमध्ये जशी भिंत असते तशी एक भिंत कोल्हापुरात पाहिजे. जिल्ह्यातली किती पोरं आज बोटीवर आहेत, त्यातली जी परत आली नाहीत त्यांची नावं त्यावर. बोला.

पंचगंगेचा_माणूस
दादा, मामींचं वाचून पोटात कालवलं. पण मत नाही पटलं. आपल्यात गेलेल्याला सोडायचं असतं. राख पाण्यात, पिंड कावळ्याला, तेराव्याला गोडधोड करून दार उघडायचं. दगड लावला की माणूस अडकतो, गेलेला पण आणि मागचा पण. त्यांच्यात शरीर जमिनीत ठेवतात म्हणून वर दगड येतो, त्यांचं त्यांना बरोबर आहे. आपण ते उचलून इथं आणायचं कशाला? घाटानं जे करायचं ते केलंय की.

वीरगळ_शोधक
पंचगंगेचा_माणूस, आपल्यात दगड नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला? इथनं बीडशेडला जावा, वीरगळांच्या, म्हणजे वीरांच्या आठवणीत कोरलेल्या दगडांच्या, रांगा लागल्यात. खाली लढाई, मधे अप्सरा वर घेऊन चालल्यात, वर शिवलिंगाची पूजा. आणि समुद्राचं म्हणाल तर बोरिवलीच्या एकसरला जे वीरगळ आहेत त्यावर चक्क जहाजं कोरलीत, वल्ह्यांच्या रांगांसकट, दर्यावरची लढाई. ते तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादव लढाईचे मानतात, म्हणजे इंग्रज मुंबईत यायच्या आधी चारशे वर्षं. अलिबागला कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे ती काय आहे मग? आपण विसरलो आणि आता म्हणतो आपल्यात नव्हतंच.

पंचगंगेचा_माणूस
वीरगळ लढून मेलेल्याचा असतो, सर. गाव वाचवताना, गाई सोडवताना. नोकरीवर पाय घसरून गेलेल्याचा नाही. वाईट वाटून घेऊ नका पण फरक आहे.

रंकाळाकाठ
फरक आहे, मान्य. पण पाय घसरला म्हणून तो कमी मेला का? घरातल्यांना तर दोन्ही सारखंच.

मिशन_कंपाउंड
मी ख्रिस्ती, जन्म कोल्हापूरचाच, त्यामुळं दोन शब्द. आमचं वायल्डर मेमोरियल चर्चच मुळात एका समुद्र ओलांडून आलेल्या माणसाच्या नावानं उभं आहे, रेव्हरंड वायल्डर 1852 ला इथं आले. स्मारकाला आम्ही पूजत नाही. नाव वाचतो, 2 नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्ती लावतो, थोडा वेळ थांबतो, बस्स. कबरीवर नांगर कोरलेला दिसला तर तो दर वेळी खलाशाचा असतो असंही नाही, नांगर आमच्यात आशेची खूण आहे.

आणि चर्चनं बुडालेल्यांना पहिल्यापासून मानानं जागा दिली असं समजू नका. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर लाटेबरोबर आलेली प्रेतं कडेलाच खड्डा काढून पुरायचे, ना कफन, ना प्रार्थना. 1807 ला ॲन्सन नावाचं युद्धजहाज तिथं फुटलं, कितीतरी माणसं गेली, त्यांचंही तेच केलं, तेव्हा लोक चिडले. तिथल्याच ग्रिल्स नावाच्या वकिलानं मसुदा केला आणि 1808 ला कायदा झाला की अनोळखी प्रेतसुद्धा चर्चच्या आवारातच पुरायचं. त्याच कॉर्नवॉलमध्ये मॉर्वेन्स्टो गावी 1842 ला कॅलेडोनिया जहाज फुटलं. तिथल्या हॉकर पाद्र्यांनी प्रेतं गोळा करून पुरली आणि जहाजाच्या नाकाडावरची लाकडी बाई, हातात तलवार-ढाल असलेली, ती कबरींवर उभी केली. नावं माहीत नव्हती म्हणून जहाजच उभं केलं. आता मूळ लाकूड चर्चच्या आत ठेवलंय आणि बाहेर नक्कल आहे. मला हे फार भिडतं. मी रंकाळाकाठ यांच्या बाजूनं.

सारंगाचा_नातू
मी मूळ रत्नागिरीकडचा, आता उद्यमनगरात वर्कशॉप आहे. आजोबा बोटीवर खलाशी, पुढं सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम झाले. फोर्टातल्या भिंतीवर कुणाची नावं आहेत हे जरा नीट बघा, भाऊ. कॅप्टनची. साहेबाची. बॉयलरपाशी कोळसा ओढणारा, डेक घासणारा, दोरखंडात हात तुटलेला, त्यांचं नाव त्या संगमरवरात कुठं आहे? लंडनला टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवर गेलेल्यांची दोन्ही महायुद्धांची मिळून 36,000 च्या आसपास नावं आहेत, पण आमच्या माणसांची तिथं नाहीत, ती इकडं मुंबईला आणि चितगावला. मेल्यावर पण वेगळी पंगत. तुम्ही भिंत बांधाल आणि दहा वर्षांनी त्यावर फक्त कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर असतील, माझं बघा खरं होतंय का. म्हणून माझा विरोध.

रंकाळाकाठ
सारंगाचा_नातू, तुम्ही बोललात ते खरं आहे आणि मला ते कॅथेड्रलमध्ये सुचलं नव्हतं. पण मग उत्तर भिंत नको हे कसं? कलकत्त्याला हुगळीच्या काठावर 1924 ला लास्करांसाठी, म्हणजे देशी खलाशांसाठी, स्मारक केलं, पहिल्या महायुद्धात गेलेल्या 896 जणांचं, सगळे बंगाल-आसामकडचे खलाशी, साहेब नाहीत. मुंबईत इंडियन सेलर्स होममध्ये त्याच युद्धातले दोन हजारांच्या वर आहेत, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही असे. माझा भाऊ पण साहेब नव्हता हो. एबल सीमन होता, दोर ओढणाराच. भिंत त्याच्यासाठीच मागतोय.

सारंगाचा_नातू
मग हुद्दा लिहायचा नाही. नाव, गाव, साल. हे कबूल असेल तर मी माझा विरोध मागं घेतो आणि लोखंडी चौकट माझ्या वर्कशॉपमधून फुकट.

कागद_आधी
सगळे भावनेवर चाललाय. मी विचारतो, त्या पोराच्या घरच्यांना पैसे मिळाले का? बॉडी नाही म्हणजे डेथ सर्टिफिकेटसाठी पळापळ, आणि जहाजावरून साक्षी-पुरावे नीट आले नाहीत तर कायद्यानं सात वर्षं पत्ता नसल्यावर मयत धरतात. सात वर्षं! तोवर इन्शुरन्स अडकलेला, बायकोला विधवा पण म्हणत नाहीत आणि सधवा पण नाही. तुमच्या भिंतीला जो खर्च येणार त्यात चार घरांना चांगला वकील मिळेल. दगडानं चूल पेटत नाही भावा.

रंकाळाकाठ
आमच्यात कॅप्टनचा रिपोर्ट होता म्हणून दीड वर्षात सुटलं, तेही एजंटानं फोन उचलायचं बंद केल्यावर मामानं स्वतः मुंबईच्या अकरा खेपा मारून. तुम्ही म्हणता ते पहिलं पाहिजे, शंभर टक्के. पण पैसे आले त्या दिवशी मामी पासबुक देवापुढं ठेवून रडली आणि म्हणाली आता सगळ्यांनी त्याला मेला म्हणून लिहिलं. कागदाचं काम कागदानं केलं. बसायला जागा कागद देत नाही.

मालवणची_सून
मी माहेरची मालवणची, सासर कोल्हापूर. माझो विरोध असा आणि मी तो मनापासून सांगतंय. आमच्या वाड्यात दर पिढीत कोण ना कोण दर्यानं नेलेलो असता. कुणाचो दगड नाही. नारळी पुनवेला नारळ सोडतो तेव्हा म्हातारी बाय प्रत्येकाचं नाव पुटपुटते, मोठ्यान नाही, ओठात. माझ्या आजीक मी विचारलेलं की दगड का नाय, तर म्हणाली, रोज सकाळी दार उघडला की तोच दिसता, आणि वेगळो दगड कशाक? आमका समुद्रच समाधी. तुमच्याकडं समुद्र दिसत नाही ही तुमची अडचण आहे, मला समजते. पण भिंतीवर नाव वाचणं आणि ओठात नाव घेणं ह्यात मला दुसरं जास्त जिवंत वाटतं.

वीरगळ_शोधक
ताई, तुमचं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. पण तुम्हीच उत्तर पण दिलंय, इथं दार उघडलं की समुद्र दिसत नाही. आणि कोल्हापूरचा दर्याशी संबंध नाही असं मात्र कुणी म्हणू नका, 1812 पर्यंत तुमचा सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या गादीकडं होता. ब्रह्मपुरीच्या टेकडीत पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, समुद्राचा देव, टाऊन हॉल म्युझियमची ती शान आहे, बघून या.

आणखी एक. आपले छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय विशी-एकविशीचं. तिथं आर्नो नदीच्या काठावर आपल्या रिवाजानं अग्नी दिला. मग 1874 ला त्या जागी छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीचं डिझाइन त्या मँट साहेबाचं, ज्यानं आपला नवीन राजवाडा बांधला. आज तिथला पूलसुद्धा त्या स्मारकावरून इंदियानो नावानं ओळखतात. म्हणजे दहनही झालं आणि दगडही राहिला, दोन्ही एकाच माणसाला. पंचगंगेचा_माणूस, यात कोण अडकलं सांगा.

पंचगंगेचा_माणूस
महाराजांचं माहीत होतं, असं जोडून बघितलं नव्हतं. तरी माझं मन अजून पूर्ण वळत नाही. एक विचारू का रंकाळाकाठ दादा? मामींना विचारलंय का तुम्ही? आपण इथं सगळे त्यांच्या वतीनं भांडतोय.

रंकाळाकाठ
नाही विचारलं. धाडस झालं नाही.

मालवणची_सून
मग आधी जावा.

रंकाळाकाठ
काल संध्याकाळी गेलतो. मामी भाकरी थापत होती. मी कॅथेड्रलचा फोटो दाखवला, भिंत सांगितली, तुमच्या सगळ्यांचं बोलणं पण सांगितलं, विरोधातलं सुद्धा. ती भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवत राहिली, बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, भिंत करा नाहीतर करू नका, मोठं काम आहे, तुम्हा पोरांचं तुम्ही बघा. पण नाव घातलंत तर "बुडाला" म्हणून लिहायचं नाही. "बोटीवर होता" असं लिहायचं. आणि मालवणच्या त्या बाईला विचार म्हणाली, नारळी पुनवेला तिकडं आलं तर चालेल का.

मालवणची_सून
चालेल का म्हणून काय विचारता. आदल्या दिवशी आमच्याकडंच मुक्कामाला घेऊन या त्यांना.

सारंगाचा_नातू
नाव, गाव, साल, आणि खाली "बोटीवर होता". चौकटीचं माप कळवा.