शब्दचर्चा : गोचिडीची लाळ प्रतिकारशक्ती ‘कमी करते’ असे म्हणावे का?

प्रश्न : आर्वीकडील पशुपालकांसाठी माहितीपत्रक लिहिताना मी ‘गोचिडीच्या लाळेमुळे जनावराची प्रतिकारशक्ती कमी होते’ असे वाक्य लिहिले. ते वाचून एका गोपालकाने विचारले, “मंग गायीले ताकदीचं औषध पाजू का?” वाक्यात नेमके काय चुकले? ‘मारते’ किंवा ‘दाबते’ म्हणावे का?

उत्तर : दोष क्रियापदाआधी ‘शक्ती’ या शब्दात आहे. शक्ती म्हणजे अंगात साठलेले बळ. ते आजाराने घटते आणि खुराकाने भरून येते, त्यामुळे त्या गोपालकाने लावलेला अर्थ मराठीच्या वळणाला धरूनच होता. लाळेचे काम मुख्यतः गोचीड चिकटते त्या जागी चालते आणि तिथे ती प्रतिकार होऊ देत नाही. गोचिडी फार झाल्या की रक्त जाऊन जनावर खंगते, हे खरे. तिथे ‘अशक्तपणा’ हा शब्द योग्यच आहे, पण ती गोष्ट वेगळी.

डास घटकाभरात रक्त पिऊन उडतो. आपल्या गाईबैलांवर सर्रास दिसणारी रिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गोचीड मात्र पिलू म्हणून चढल्यापासून सुमारे ३ आठवडे एकाच जनावरावर काढते, आणि कासेजवळ एरंडीच्या बीसारखी टम्म फुगेपर्यंत तिला कोणी हुसकावू नये एवढीच तिची गरज असते. (लॅटिनमध्ये गोचिडीला ‘रिसिनस’ म्हणत, एरंडाचे शास्त्रीय नाव त्यावरूनच पडले.) जखमेत सुटणाऱ्या हिस्टामिनमुळे खाज येते आणि जनावर ती जागा चाटते, घासते, काही गोचिडींच्या लाळेतील प्रथिने हे हिस्टामिनच धरून ठेवतात. ‘इव्हेसिन’ नावाची प्रथिने पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावणारे रासायनिक निरोप अडवतात. प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, म्हणजे टी-पेशींना, रोखणारी द्रव्येही आढळली आहेत, आणि तिथे ‘दाबणे’ शोभते. ‘मारते’ मात्र टाळावे, कारण शक्ती शाबूत असते : एकदा गोचिडी लागून गेलेल्या गिनीपिगांवर पुढच्या खेपेस त्या नीट पोसल्या जात नाहीत, म्हणजे शरीर त्यांना प्रतिकार करते, हे १९३९ मध्येच परजीवीशास्त्रज्ञ विल्यम ट्रेगर यांनी दाखवले होते.

प्रश्नकर्ता : मग ‘फसवते’ चालेल का?

उत्तर : चालेल, पण आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘चकवा’. रात्री शिवारात चकवा लागलेल्या माणसाच्या पायांतले बळ गेलेले नसते, त्याला फक्त वाट सापडत नाही. पत्रकात असे लिहावे : ‘गोचीड चिकटते तिथल्या कातडीला तिची लाळ चकवा लावते, म्हणून गायीला ती लवकर जाणवत नाही आणि तिने आणलेल्या रोगजंतूंना आत शिरणे सोपे जाते. ताकदीचे औषध हा त्यावरचा उपाय नव्हे. कानामागे, कासेवर आणि शेपटीखाली रोज हात फिरवून पाहावे.’