१:१२ मापातला पलंग आणि गोधडी : कापड ताठ उभं राहतंय, बाहुली गादीत रुतत नाहीये

छोटी_खोली
जुन्या वाड्यातली एक खोली १:१२ मापात करायला घेतली आहे, म्हणजे एक फुटाला एक इंच. पलंग ६ × ३ इंच, त्यावर गादी, उशी, गोधडी आणि झोपलेली बाई. कोपऱ्यात वळकटी हवी. बाहुली १३ सेंमी, तारेच्या सांगाड्यावर कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेली, डोक्याला १८ मिमीचा लाकडी मणी. सगळं काचेच्या पेटीत राहणार आहे, पोरांच्या हातात जाणार नाही.

घोडं अडलंय ते इथे. गोधडी पॉपलिनचे दोन थर आणि मधे फ्लॅनेल अशी शिवली, तर ती पलंगावर पापडासारखी आडवी राहते, कडा खाली पडतच नाहीत. गादीत कापूस ठासून भरलाय, पण बाहुली तिच्यावर ठेवल्यासारखी दिसते, झोपल्यासारखी नाही. डोकं तर उशीवरून घरंगळतं. आणि पलंगाच्या लाकडाला रंग दिला तर सांध्यांपाशी पांढुरके डाग राहिले. कुठून सुरुवात करू?

चिंधी_चिंधी
आधी गोधडी. खऱ्या पलंगावरून गोधडी फूटभर लोंबते आणि तेवढ्या भागाचं वजनच तिला खाली ओढतं. तुमच्याकडे लोंबतोय एक इंच. माप बारा पटींनी लहान झालं, पण पॉपलिनची जाडी आणि ताठरपणा होता तेवढाच राहिला. त्यामुळे नुसतं मापात कापून भागत नाही, थर कमी करावेच लागतात.

फ्लॅनेल काढून टाका. वर मलमल, खाली मलमल, मधे काही नाही. जुनं धोतर किंवा पातळ सुती ओढणी असेल तर उत्तमच. कापड नवं असेल तर गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा, इस्त्री करा आणि मग कापा. खालचा थर उरेब (धाग्याला तिरका) कापलात तर कडा बऱ्याच सहज पडतात.

तुकडे एकमेकांना जोडत बसू नका. १२ मिमीच्या ठिगळाला चारही बाजूंनी ३ मिमी शिवण आत गेली की ठिगळाची निम्मी रुंदी शिवणीतच संपते, आणि प्रत्येक जोडावर चार पदर साठतात. ठिगळांच्या कडांना पातळ फेविकॉलचं बोट फिरवा, वाळल्यावर कापा आणि न दुमडता थेट खालच्या मलमलीवर मांडून धावदोऱ्याने धरा. भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्यातला एकच पदर घ्यायचा. टाका एक ते दीड मिमी, दोन ओळींत निदान ३ मिमी अंतर. खऱ्या गोधडीचा टाका मापात बसवायचा तर अर्धा मिमी येईल, त्या फंदात पडू नका. ओळी फार दाट झाल्या की दोऱ्यानेच कापड पुन्हा ताठ होतं. दोरा किंचित ओढून ठेवला तर छान सुरकुत्या येतात, पण गोधडी आक्रसते. १८ × १२.५ सेंमी तयार हवी असेल तर १९ × १३.५ कापा.

आता आकार. पलंग गादीसकट स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून थर्माकोलवर ठेवा. एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी, फवाऱ्याने गोधडी भिजवा, अंथरा, जिथे घडी पडायला हवी तिथे बोटाने दाबून टाचण्या खोचा. टाचण्या स्टीलच्याच, साध्या गंजून तपकिरी ठिपके देतात. रात्रभर राहू द्या, पावसाळ्यात दोन दिवस. मिश्रण घट्ट झालं की कापडावर चकाकी येते आणि गडद रंगावर पांढरट पापुद्रा दिसतो, म्हणून आधी कात्रणावर पाहा. मैद्याची खळ मात्र नको, तिला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात.

दीड_मिमी
फेविकॉलवाली गोधडी एकदा बसली की बसली, नंतर बाहुलीची कूस बदलता येत नाही. मला तारेची पद्धत जास्त पटते. मोटर वाइंडिंगची पाव मिमीची तांब्याची तार दोन थरांच्या मधे, कडेपासून २ मिमी आत, चारही बाजूंनी फिरवायची. टोकं वळवून बंद करा, नाहीतर मलमलीतून बाहेर येतात. हवी तशी कड वाकवता येते, उद्या बदलताही येते. तार इनॅमलचा मुलामा असलेलीच घ्या. उघडं तांबं दमट हवेत हिरवं पडतं आणि तो डाग सुती कापडातून जात नाही.

गादीचं दुखणं वेगळं आहे. तुमची बाहुली पंधरा-वीस ग्रॅमची असणार, तिच्या वजनाने कापूस दबणारच नाही, कितीही मऊ भरा. खड्डा आपणच करून ठेवायचा, आणि तो टिकवणारी वस्तू म्हणजे बारीक वाळू. चहाच्या गाळणीतून चाळा, धुवा, कढईत कोरडी करा. रवा काही जण वापरतात, पण महिन्या-दोन महिन्यांत त्यात किडे होतात.

गादी अशी: तळाला ५ मिमी जाडीचा नमदा (फेल्ट) किंवा जुन्या सुती कांबळ्याचे थर, १५ × ७.५ सेंमी. त्यावर तेवढंच पॉपलिनचं पाकीट, आडव्या दोन शिवणींनी तीन कप्पे केलेलं, नाहीतर सगळी वाळू पायाशी गोळा होते. सगळ्या कप्प्यांत मिळून चार-पाच चहाचे चमचे पुरे, म्हणजे दोन तृतीयांशच भरायचं. गच्च भरलं की खड्डा पडत नाही. मशीनचा टाका दीड मिमी ठेवा, वाळू गळत नाही. वरून गादीचा अभ्रा. खऱ्या गादीचं पट्ट्यांचं कापड इथे राक्षसी दिसतं. एक मिमी रेघांचं शर्टिंग शोधा. टाके घालायचे तर फक्त अभ्रा आणि नमदा धरून कडेने.

उशी ५.५ × ३.५ सेंमी, दीड ते दोन चमचे वाळू. मणी दाबून अंगठ्याएवढा खळगा करा, डोकं घरंगळणार नाही. बाहुलीला आधी झोपवा, खांदे आणि ढुंगणाशी दाबा, मगच गोधडी घाला.

पटाशी
पांढुरके डाग फेविकॉलचे आहेत. सांध्यातून बाहेर आलेलं फेविकॉल लाकडात मुरतं आणि तिथे रंग धरत नाही. सगळे तुकडे कापून, २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, रंगवून, वाळवून मग चिकटवा. झालेल्या डागावर पुन्हा रंग ओतून काही होत नाही. तो भाग खरवडा किंवा तपकिरी ॲक्रिलिकचा बारीक हात फिरवा.

साध्या आइस्क्रीमच्या काडीतून लांबीच्या पट्ट्या होत नाहीत, ती ११४ मिमीच असते. मोठी १५० × १८ मिमीची काडी मिळते, ती उभी चिरून दोन पट्ट्या. पाय ६ × ६ मिमी, पट्टीच्या वरची कड जमिनीपासून ३ सेंमी, वर ८ मिमी गादी, म्हणजे खऱ्या पलंगाचा दीड फूट बरोबर साधतो. चिकटवताना गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक राहिला की पलंग तिरका होतो.

सावंतवाडीच्या लाकडी भातुकलीतला पलंग आणून रंगवायचा विचार असेल तर आधी फूटपट्टी लावा. ती खेळणी ठरावीक मापाला धरून केलेली नसतात.

छोटी_खोली
सर्वांचे आभार. तारेनेच करते. दोन गोष्टी राहिल्या: वळकटी गुंडाळली तर मुसळाएवढी जाड होते. आणि मच्छरदाणीला ट्यूल चालेल का?

चिंधी_चिंधी
वळकटी खरी गुंडाळायचीच नाही. कागदाची ७.५ सेंमी लांब, २ सेंमी व्यासाची नळी करा, त्यावर गादीच्या कापडाचा आणि वर सतरंजीसारख्या जाड सुताचा एकेक वेढा. दोन्ही टोकांना एक सेंमी रुंद पट्टी गोल गुंडाळून बसवा, पाहणाऱ्याला तेवढेच वेढे दिसतात. बांधायला सुतळी नको, तिचा एक पदर सोडवून घ्या. तयार व्यास तीन सेंमीच्या आत ठेवा.

ट्यूलची भोकं या मापात क्रिकेटच्या जाळीसारखी दिसतात. पांढरं शिफॉन घ्या, ते पडतंही छान. ऑर्गंझा फुगून बसतो.

दीड_मिमी
एक राहिलं. बाहुलीला नऊवारी नेसवणार असाल तर हिशोबाने ६८ सेंमी लांब, ९.५ सेंमी रुंद कापड येतं, पण एवढं गुंडाळलं की बाई ढोलासारखी होते आणि गोधडी पुन्हा वर उचलली जाते. पांघरुणाखालचा भाग नेसवूच नका. खांद्यावरचा पदर आणि चोळी दिसली की झालं, काठ ६-७ मिमी. खाली एकच वेढा.