५६ ए.पी.ओ. (आर्मी पोस्ट ऑफिस) पत्त्यावर पत्र पोचतं का?

औशाची सून:
आमचे हे फौजेत, जम्मूकडं हायत. ७ मेला, ऑपरेशन सिंदूरच्या पहाटं फोन आला, "आता फोन लागणार नाही, काळजी करू नका." आज नववा दिवस. १० तारखेला पाकिस्तानशी शस्त्रसंधी झाली तरी मोबाईल बंदच. मामा दिवसभर टीव्हीसमोर बसायलेत, आत्याबाई धड जेवंनात. पोरीनं पप्पाला चिठ्ठी लिहिलीय. पण पत्त्यात गावच नाही, नुसतं ५६ ए.पी.ओ. अशानं पोचंल का?

माजी हवालदार, केज:
ताई, पत्ता पुरा हाय. नंबर, रँक, नाव, युनिट, पिन, मार्फत ५६ ए.पी.ओ. गाव मुद्दामच नसतंय. डाक दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जाती, कोणती युनिट कुठं हाय ते त्यांना ठाव असतं. पूर्वेकडची ९९ ए.पी.ओ., ती कोलकात्याहून. मोबाईलवरून ठिकाण कळतंय, म्हणून बंद ठेवायला लावतात. आणि ते वर तुमच्या पोस्टमधलं 'जम्मू' आधी काढा.

रेणापूरची काकू:
१९९९ला कारगिलच्या वेळी माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. गावात फोन एकच, एसटीडीवाल्याचा. तो पोराला पळवायचा, मी पोचेस्तोवर लाईन कटायची. आमच्या ह्यांची पत्रं यायची, पण उलटीसुलटी. एकात होतं, "पायाचं आता बरं हाय." पायाला झालं काय, ते सांगणारं पत्र आठ दिवसांनी आलं! ते आठ दिवस माझं मला ठाऊक. तवापासून दोघंबी पत्राच्या कोपऱ्यात नंबर टाकायला लागलो. तूबी टाक.

तिकडं गारठ्यानं पेन चालायचं नाही, शिसपेन्सिलीनं लिहायचे. अक्षर पुसट व्हायचं, मग मी रात्री चिमणीच्या उजेडात त्यावरून पेन फिरवायची. अजून पेटीत हायत ती.

रडगाणं लिहू नको बाई. मी एकदा नुसतं लिहिलं होतं, मृगाचा पाऊस झाला, म्हशीला रेडी झाली, कपाळावर पांढरा चांद हाय. सुट्टीवर आल्यावर म्हणले, ते पत्र सगळ्या सेक्शननं वाचलं, आणि एका पंजाब्यानं रेडीचं नावबी ठेवलं.

औशाची सून:
सकाळी टाकली चिठ्ठी, वर १ नंबर घातला. आत्याबाईंनी आंब्याला औंदा पाड लागल्याचं लिहायला लावलं. हवालदार काका, ते 'जम्मू' काढायचं कुठून, बटनच सापडंना.