आतून आलेल्यांचे अनुभव

काल 'कार्लिटोज वे' (1993) पुन्हा पाहिला. अल पचिनोचा कार्लिटो 30 वर्षांच्या शिक्षेतली 5 वर्षं काढून सुटतो. 75 हजार डॉलर जमवायचे आणि बहामात गाड्या भाड्याने द्यायच्या, एवढंच त्याच्या डोक्यात. बुडवतात त्याला जुनीच माणसं. सगळ्यात आधी वकील मित्र.

मी ठाण्यात कारागृहाजवळ राहते, किल्ल्याची ती भिंत रोजची. सुटलेला माणूस हातात पिशवी घेऊन बाहेर पडतो, पुढे त्याचं काय होतं? तुमच्या नात्यात, कामावर कुणी असेल तर लिहा. नावं नकोत.

वागळेकर
आमच्या वर्कशॉपमध्ये एक सुतार होता, काम आतच शिकलेला. फळीला फळी अशी बसवायचा की नख जाणार नाही. शेठला माहीत होतं, आम्हाला नाही. ओव्हरटाइम असला तरी हा संध्याकाळी पाचलाच डबा उघडायचा. एकदा विचारलं. म्हणाला, "बराक बंद व्हायच्या आत जेवायची सवय."

खारघरची ताई
माझा सख्खा भाऊ. तीन वर्षं कच्चा कैदी, मग निर्दोष सुटला. आईने सोसायटीत सांगून ठेवलेलं, दुबईला आहे. आला तर जो तो विचारी, काय आणलंस? शेवटी त्यानेच वाशीला जाऊन सेंटच्या बाटल्या आणून वाटल्या. आम्ही हसलो, आई आत जाऊन रडली. नोकरीचं मात्र चारित्र्य पडताळणीपाशी अडतं. निकालाची प्रत दाखवली तरी समोरचा "कळवतो" म्हणतो. दोन वर्षं झाली, कळवताहेत.

कळवा नाका
दुसरी बाजूही लिहू का? माझ्या आत्याच्या गळ्यातलं ज्याने ओढलं, तो सुटून आता वडापावची गाडी लावतो. वडा चांगला असतो म्हणे. आत्या अजून पलीकडच्या फुटपाथने जाते. तो सुधारला असेल, पण तिने का म्हणून रस्ता बदलायचा?

तुर्भे
मी स्वतः. सहा वर्षं. गुन्हा केला होता, उगाच कशाला लपवू.
सिनेमात जुने दोस्त शोधत येतात. मला कुणीच शोधत आलं नाही, तेच जड गेलं. रिक्षा चालवायची तर बॅज हवा, बॅजला पोलिसांची पडताळणी. मग मेहुण्याच्या टेम्पोवर माल चढवायला लागलो, अजून तेच करतो.
ठाणे-वाशी लोकल 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तेव्हा मी आत होतो. सुटलो त्या दिवशी बायको न्यायला आली. मी सवयीने बस स्टॉपकडे वळलो तर म्हणाली, "तिकडे कुठे? आता गाडी आहे की." तिकीट तिनेच काढलं. गर्दी बघून पहिली गाडी मी सोडली. दुसरीला तिने दंडाला धरून चढवलं.