पक्षाघात: मूठ मिटते पण उघडत नाही, कोणता हातमोजा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंना पक्षाघात होऊन वर्ष होत आलं. मेंदूत गुठळी अडकली आणि उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, हात खांद्यापर्यंत उचलतात. घोडं अडलंय बोटांपाशी. मूठ मिटते, पण उघडत नाही. संध्याकाळी तर बोटं इतकी आवळतात की नखं कापायलाही दोघं लागतात.

दीर रोज नव्या यंत्राचा व्हिडिओ पाठवतात. त्यातला पंपाच्या हवेवर चालणारा हातमोजा घरात सगळ्यांना आवडलाय, कारण बोटं आपोआप उघडमीट करतात. मला शंका तिथेच येते. सगळं काम पंपच करणार असेल तर मेंदू काय शिकणार? सांधे मोकळे राहतील, एवढंच ना?

त्यापेक्षा स्प्रिंगचा मोजा पटतो. मूठ आपली आपण मिटायची, स्प्रिंग ती उघडून देते, म्हणजे वस्तू धरण्या-सोडण्याचा सराव होतो. पण बोटं एवढी ताठ असताना स्प्रिंगचा जोर पुरतो का? की आधी ताठ स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यावं लागतं?

स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन बोटं उघडणारं यंत्र सध्या बाजूला ठेवलंय. त्यांना पेसमेकर आहे, हृदयाचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. (विकणाऱ्याने पेसमेकरबद्दल विचारलंसुद्धा नव्हतं!) हाताचा सराव करून घेणाऱ्या मोठ्या रोबोटचा मोहही सोडला. ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. रोबोटवर सराव केलेल्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त कामाला येत होता, असं काही दिसलं नाही.

ज्यांनी घरी मोजा वापरलाय त्यांना विचारायचंय: मोजा काढल्यावरही हात उघडायला लागला का, की फक्त तो घातलेला असेपर्यंतच? एकट्याने घालता येतो का? उजव्या हाताला स्पर्श नीट कळत नाही, पट्टा रुतला तरी त्यांना समजणार नाही. मग एका वेळी किती वेळ ठेवायचा आणि कातडी किती वेळाने तपासायची?

थेरपिस्ट आरशासमोरचे व्यायाम करून घेतात, ते चालूच ठेवू. पुढच्या भेटीत कोणता मोजा मागून घालून बघू, तेवढं सुचवलंत तरी खूप झालं.