मदत हवी आहे: सात वर्षांच्या भाच्याने सुईची धास्ती घेतली आहे

भाच्याला रक्ताचा कर्करोग (एएलएल) आहे. उपचार मुंबईत चालू आहेत, बहीण त्याला घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहते. औषधं लागू पडताहेत, पण कोर्स दोन-अडीच वर्षांचा, त्यामुळे 'थोडे दिवस कळ काढ' म्हणून भागणार नाही.

लांबलेल्या ॲडमिशननंतर तो पुन्हा अंथरूण ओलं करतो, आईला क्षणभर सोडत नाही. सिस्टरांनी स्पिरिटचा बोळा काढला की नुसत्या वासानेच ओकाऱ्या सुरू. पाठीतल्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी तर बोलणंच बंद. हे बघवत नाही हो.

'दुखणार नाही' असं खोटं आम्ही सांगत नाही. सुईआधी बधिर करणारं मलम लावतात. बाहुल्याला खेळण्यातल्या सिरिंजने टोचायला देतो, त्याने जरा मोकळा होतो. समुपदेशकांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.

पांढऱ्या पेशी कमी असल्याने इतर मुलांत मिसळायला मनाई आहे. औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलतोच आहोत, इथे ते सल्ले नकोत.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा: स्पिरिटच्या वासाची आणि सुईची धास्ती कमी व्हावी म्हणून, समुपदेशक भेटेपर्यंत, आईने खाटेपाशी बसून नेमकं काय करावं?