मदत हवी आहे : उसाच्या घरात साखर आणि चॉकलेट सोडायचं कसं?

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

वय 43, बसून करायची नोकरी, गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.1 आणि उपाशीपोटी साखर 112. डॉक्टर म्हणाले, 5.7 ते 6.4 म्हणजे तुम्ही डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहात, 6.5 ला घरात. गोळी नको, गोड कमी करा, चाला, तीन महिन्यांनी परत बघू. आईला आणि अण्णांना दोघांनाही डायबेटिस, त्यामुळे पोटात गोळाच आला. खोटं कशाला बोलू, दवाखान्यातून बाहेर पडले, समोरच्या दुकानातून चॉकलेट घेतलं आणि गाडीवर बसल्या बसल्याच संपवलं.

अडचण अशी की आमचा तीन एकर ऊस आहे. कारखान्याचे सभासद, म्हणून सवलतीच्या दराची साखर घरात येते. साखर संपली असं या घरात मी लग्न होऊन आल्यापासून झालेलं नाही. सासूबाईंना बिनसाखरेचा चहा मागितला तर म्हणाल्या, "ऊस लावणाऱ्याच्या घरात बिनसाखरंचा च्या? आलंगेलं काय म्हणंल!" आणि घातली साखर. त्यांचा चमचा म्हणजे पोह्यांचा, तोही शीग लावून. मी गुपचूप वजनकाट्यावर टाकून बघितलं, 11 ग्रॅम भरले. माझे दिवसाला चार चहा.

मग हिशेबच मांडला. महिन्याला सहा किलो साखर, माणसं पाच. म्हणजे माणशी रोजची 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 25 च्या आत राहिलात तर उत्तम. आणि या 40 मध्ये बिस्किटं, सॉस, चॉकलेट धरलेलंच नाही.

चॉकलेटची वेळ ठरलेली आहे. रात्री साडेनऊ, भांडी आवरून ओटा पुसून झाला की. दिवसभरात तेवढीच पंधरा मिनिटं माझी असतात. मुलासाठी आणलेलं तूरडाळीच्या डब्यात लपवते आणि मीच खाते. परवा सासूबाईंना डाळ निवडताना चांदीचा कागद सापडला. मुलगा म्हणाला, "आज्जी, घरात उंदीर आलाय." उंदीर 43 वर्षांचा आहे हे मी काही सांगितलं नाही.

केलेले प्रयोग : 1 जानेवारीला चहा आणि साखर एकदम बंद केली. दुसऱ्या दिवसापासून डोकं असं दुखलं की विचारू नका. तरी रेटलं. संक्रांतीला तिळगूळ तोंडात टाकला आणि सगळं मुसळ केरात. मग गुळाचा चहा सुरू केला, तर डॉक्टर हसले. खजूर आणले, एका बसणीत नऊ खाल्ले. सत्तर टक्क्यांचं डार्क चॉकलेट आणलं, म्हटलं कडू आहे, एकच तुकडा जाईल. अख्खी वडी गेली.

कुणी खरंच यातून गेलं असेल तर सांगा. एकदम सोडू की हळूहळू? रात्रीच्या त्या वेळेचं काय करू? आणि "एवढ्यानं काय हुतंय" म्हणत पेढा पुढं करणाऱ्यांना काय सांगू?

---

तिखटमीठ : ताई, डोकं साखरेपेक्षा चहानं दुखलं असणार. चार कपांची सवय एकदम तोडली की कॅफिनपायी दोन-चार दिवस हमखास ठणकतं. मी स्वतः हे भोगलंय. चहा राहू दे, साखर उतरवा. आणि आधी तो पोह्यांचा चमचा डब्यातून काढा, चहाचा ठेवा. मी दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेले. दोन महिन्यांत शून्यावर आले. आता बाहेरचा चहा पाकासारखा लागतो.

जुना_मास्तर : माझा डायबेटिस 18 वर्षांचा. गुळाबद्दल डॉक्टर हसले ते बरोबरच. त्यात थोडं लोह वगैरे असेल, पण रक्ताला तो साखरच दिसतो. डार्क चॉकलेटच्या 70 टक्क्यांत साखर येत नाही, उरलेल्या तिसांत बहुतेक साखरच असते. शंभर ग्रॅमची वडी संपवलीत म्हणजे पोटात साधारण 30 ग्रॅम साखर गेली. खायचंच तर दोन तुकडे मोडून घ्या, उरलेलं यजमानांच्या ताब्यात द्या आणि जेवणानंतर लगेच खा, रिकाम्या पोटी नको. बाकी ते तीन महिने डॉक्टरांनी उगाच सांगितलेले नाहीत. एचबीएवनसी मोजते ती रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, त्यामुळे तीन महिन्यांआधी तपासलंत तर बराचसा जुनाच हिशेब दिसेल.

घाटावरचा : मनावर घेतलं की सगळं सुटतं. उगाच लाड.

तिखटमीठ : घाटावरचे, तुमची तंबाखू सुटली का?

रानजाई : मला वेगळंच विचारायचंय. संध्याकाळी सहा ते साडेनऊ तुम्ही काय खाता? माझं असंच व्हायचं. दुपारी डब्यात दोन पोळ्या-भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री वाढता वाढता उभ्यानं भात. प्रथिनांच्या नावानं शंख. मग नऊ वाजता जीव गोडावर जायचा. आता सहा वाजता मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा उसळ, आणि रात्री सगळ्यांबरोबर ताटावर बसून जेवते. आणि हो, ती पंधरा मिनिटं सोडू नका, फक्त ओट्यापाशी घालवू नका. मी चप्पल घालून बाहेर पडते. जेवणानंतरच्या शतपावलीनं साखर कमी चढते हा वर फायदा. बिस्किटाच्या पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. मारीच्या पुड्यावर साखर कितवी आहे ते बघा, मग मारी "हलकी" वाटणार नाही.

जुना_मास्तर : पेढेवाल्यांना "डॉक्टरांनी बंद सांगितलंय" म्हणू नका, तिथंच चर्चासत्र भरतं. पेढा हातात घ्या, कपाळाला लावा, रुमालात ठेवा. आजवर एकानंही विचारलेलं नाही.

---

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार, घाटावरचे यांचेसुद्धा. बारा दिवसांनी लिहितेय.

चमचा बदलला. दीडवर आहे, पुढच्या सोमवारी सव्वा. डोकं दुखलं नाही. फुटाण्यांचा डबा ऑफिसच्या खणात ठेवला, जिथं आधी चॉकलेट असायचं. रानजाई, तुम्ही म्हणालात ते मला लागलंच, कारण मी खरंच उभ्यानं जेवत होते. आता ताट वाढून घेते, तर पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडंच बघत होते.

चॉकलेट बारा दिवसांत चार वेळा खाल्लं. दोनदा दोन तुकडे, एकदा अर्धी वडी आणि एकदा मोजलं नाही. त्या दिवशी उसाच्या तोडीवरून घरात भांडण झालं होतं. मुलाला सांगून टाकलं की उंदीर मीच. आता तो त्याचं चॉकलेट कुठं ठेवतो ते मला माहीत नाही. विचारलं तर हसतो.

कारखान्याकडून दिवाळीला सवलतीत मिळणाऱ्या साखरेचं काय करायचं हा घरातला वाद अजून मिटलेला नाही. हे म्हणतात घेऊ आणि बहिणीकडं देऊ. सासूबाईंना ते पटत नाही. पण आज सकाळी त्यांनी आपणहून विचारलं, "तुझा च्या येगळा टाकू का?" टाकला. सवयीनं साखर घालायला गेल्या, थांबल्या आणि चहाचा चमचा शोधायला लागल्या.